हिरवा ठिपका

सोमवार, ३ तारीख

विसराळू बाईसाहेब, मला इथे पोचवलंत आणि माझा चष्मा तुमच्याच पिशवीतून घरी गेला, हे लक्षात तरी आलं का? दप्तर विसरून शाळेत जाणारी तू! असो. अक्षराशी माझी ओळख नाही, त्यामुळे चष्म्यावाचून फार अडत नाही. माणसं तेवढी जरा देखणी दिसतात.

तर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुझ्या आजीला नोकरी लागली! कंपनी म्हाताऱ्यांसाठी मनगटाचा पट्टा आणि बोलणारी डबी बनवते. पट्टा नाडी मोजतो. डबी विचारपूस करते आणि मी सांगेन ते लिहून तुझ्या फोनवर धाडते. तीन महिने इथे राहून मी दोन्ही वापरून बघायचं. खोली झकास आहे. पलंग, कपाट, खुर्ची, आणि खिडकीच्या जागी खिडकीचं चित्र. त्यातल्या झाडावर एक पक्षी आहे. उडत नाही, म्हणजे घाणही करत नाही.

ही वही मात्र डबी लिहीत नाही. आमच्या पाच खोल्यांच्या नोंदी ठेवणारी एक बाई आहे, नोंदवहीवाली, ती जेवणाच्या सुट्टीत येऊन लिहिते. मी सांगेन तस्सं लिही म्हटलं, तर विचारते, आजी, शिव्यासुद्धा? म्हटलं, त्या आधी. तू भेटायला आलीस की वही तुझ्या हातात देईन.

मंगळवार, ४ तारीख

आज हिरवी फेरी पाहिली. रोज सकाळी खालच्या दालनात सगळे, म्हातारे आणि कामाची माणसं, गोल उभे राहतात. भिंतीवर फळा आहे, त्यावर खोलीमागे एक ठिपका. हसरे साहेब, म्हणजे इथले मुख्य, एकेकाकडे बघतात आणि जो तो म्हणतो, हिरवं, म्हणजे सगळं ठीक. एकाचा गाल दाढदुखीनं भोपळ्याएवढा सुजला होता. तोही गाल धरून म्हणाला, हिववं. मला हसू फुटलं. बाकी कोणी हसलं नाही.

तिसऱ्या खोलीतले आजोबा खाली येत नाहीत. त्यांचा आवाज डबीतून येतो, आज छान वाटतंय. मग टाळ्या. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, गुडघे दुखतात. साहेब हसत म्हणाले, आजी, आपल्याकडे दुखतं म्हणत नाहीत, सुधारणेला वाव आहे म्हणतात. म्हटलं, बरं, माझ्या दोन्ही गुडघ्यांत भरपूर वाव आहे.

शुक्रवार, ७ तारीख

कॅन्टीनवाल्यानं आज बिनमिठाचा मऊ भात पुढे ठेवला. म्हाताऱ्यांना हाच चांगला म्हणे. ताट परत पाठवलं. आपल्या घरी असल्या भाताचं ते छोटं पातेलं चुलीवर चढतं ते डॉक्टरला बोलावणं गेल्यावरच. तुझ्या आजोबांच्या शेवटच्या आजारात तू पाच वर्षांची होतीस. पातेलं पाहिलंस आणि कोणी काही सांगायच्या आत अनवाणी धावत जाऊन डॉक्टरला हाताला धरून घेऊन आलीस. आठवतं का, की चष्म्याबरोबर तेही हरवलंस?

सोमवार, १० तारीख

आठवडा झाला, तुझा फोन नाही. डबी रोज विचारते, एकटं वाटतं का? मी म्हणते, हो. ती म्हणते, छान.

जिना चढताना श्वास पुरत नाही. डावा हात भरल्या बादलीसारखा जड होतो. साहेबांना सांगितलं. त्यांनी पट्टा दाखवला, बघा, बहात्तर ठोके, हिरवं. म्हटलं, पट्ट्याला बरं वाटतंय साहेब, मला नाही. पाठ थोपटून गेले. मग डॉक्टरकडे मीच जाते म्हणून दाराशी गेले. दार पट्टा पाहून उघडतं. माझ्या पट्ट्याला तीन महिन्यांनी उघडणार म्हणे.

गप्पा माराव्यात म्हणून तिसऱ्या खोलीची भिंत ठोकली. आजोबा ओ देत नाहीत.

गुरुवार, १३ तारीख

आज भरदुपारी मी आजोबांचं दार ढकललं. गादी गुंडाळून ठेवलेली. पेल्यात दातांची कवळी, पेला कोरडा, त्यात धूळ. टेबलावर पट्टा, त्यावर हिरवा दिवा. आणि शेजारची डबी त्यांच्या आवाजात बोलत होती. आज छान वाटतंय. आज छान वाटतंय.

नोंदवहीवाली मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, आजोबा जाऊन महिना झाला, आजी. त्या सकाळी लाल म्हणायची कोणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणावं, तर काल का नाही म्हणालात, असं विचारतील. असे तीस दिवस गेले. डबी त्यांचा आवाज आधीच शिकली होती.

मग तिनं माझ्या डबीनं तुला काय काय धाडलंय ते वाचून दाखवलं. मी मजेत आहे. कामात असते. फोनची घाई नको.

म्हणजे तू विसरली नव्हतीस गं. आणि मी रोज तुझ्या नावानं बोटं मोडत होते.

उद्या ती फेरीत लाल म्हणणार आहे. माझं दुखणं सांगणार, आणि कोणी हललं नाही तर तुला फोन लावणार. तुझा नंबर मला पाठ आहे, तो तिनं तळहातावर लिहून घेतला. वही गादीखाली ठेवतेय. ती नसली तर मला डबीशीच बोलावं लागेल. तुला धाडायच्या आधी डबी आपल्यापाशी कच्ची नोंद ठेवते, त्यात वाईट शब्द गाळून रेघ ठेवते, असं ती सांगते. पुढे पुढे त्यातही रेघ नाही, स्वतःचाच शब्द घालते. जिथे रेघ दिसेल तिथे मी ओरडले आहे असं समज.

शुक्रवार, १४ तारीख (डबीत बोलतेय)

नोंदवहीवाली फेरीत — म्हणाली. सगळे आपापल्या पायांकडे बघत राहिले. साहेब हसले. दुपारी तिची खुर्ची —. फरशीवर खुर्चीच्या चार पायांचे डाग आहेत. कॅन्टीनवाल्याला विचारलं, बाई कुठे? तो म्हणाला, कोण बाई?

सोमवार, १७ तारीख

आज फेरीत मीच — म्हणणार होते. तोंड उघडलं. त्याआधी वरून माझाच आवाज आला, आज छान वाटतंय. टाळ्या. माझ्याकडे कोणी बघेना. सुजल्या गालाच्या माणसाचा हात धरला. त्यानं तो — सोडवून घेतला.

मंगळवार, १८ तारीख

तुझा फोन आला. डबी बोलली. माझ्या आवाजात, माझ्याच थट्टा करत. तू हसलीस. मी दोन हातांवर होते गं. हाक मारली —— मारली ——. तू विचारलंस, मागे कोण आहे? ती म्हणाली, टीव्ही चालू आहे.

बुधवार, १९ तारीख

हात —. छातीत —. पट्टा बहात्तर.

डबीला म्हटलं, काय लिहिलंस ते वाच. छान छान वाचलं. मग मी केळी, बिस्किटं, दूध असं काहीबाही सांगितलं. तेवढं मात्र शब्दाला शब्द वाचलं. खाण्यातलं हिला —

गुरुवार, २० तारीख

छान आहे. छातीत फार छान आहे. बसवत छान.

ठमे, खायला पाठव. मऊ भात. छोट्या पातेल्यातला. मीठ घालू नकोस. दुसऱ्या कोणाबरोबर नको, तूच आण. चप्पल शोधत बसू नकोस. बाकी सगळं विसर, पण मीठ अजिबात —