केवळ उपस्थितीने

तीर्थस्वरूप आत्यास,

कोपरापर्यंत साबणाचा फेस असलेल्या हातांनी, पण पुरतं वाकून केलेला नमस्कार. (पत्रात मोठ्यांना 'तुम्ही' लिहावं हे तूच शिकवलंस. पण आईच्या माघारी जिने मला न्हाऊमाखू घालून आणि कान पिळून मोठं केलं, तिला 'तुम्ही' लिहिलं तर हे दुसऱ्याच कुणाचं पत्र आहे असं समजून तू ते शेजारी नेऊन द्यायचीस. तेव्हा 'तू'च बरं.) तुझं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो, डोळ्यांतून येणारं पाणी थांबलं, आणि येत्या रविवारी तू इकडे यायला निघते आहेस, अशा तीन बातम्या त्यात होत्या. पहिल्या दोन वाचून मला मनापासून आनंद झाला.

तिसरीबद्दल थोडं बोलायचं आहे. तू आलेली मला नको आहे असा अर्थ कृपा करून काढू नकोस. (काढशीलच, पण सावकाश काढ.) अडचण जागेची आहे. माझ्या संसाराला जागा हवी म्हणून तू वरची खोली सोडून तिकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेलीस. संसार काही आला नाही, पण जागा रिकामी राहवेना, म्हणून लोक धुवायला टाकून न्यायला विसरलेले सगळे कपडे मी तिथे ठेवत गेलो. आता ते छताला टेकले आहेत. जिन्याची तिसरी पायरी हलते. पाण्यात क्षार इतके आहेत की नळाला दाढी आली आहे. अशा घरात तुला बोलावणं म्हणजे तुझ्या गुडघ्याशी उघड वैर धरणं, आणि ते मला जमणार नाही.

हे वाचून तू चष्मा वर करून म्हणशील, खरं काय ते बोल. बरं, बोलतो. समोरचे बेकरीवाले काका तुला पत्रं टाकतात हे मला ठाऊक आहे, त्यांच्या पाकिटांवर पिठाची बोटं उमटलेली असतात. ते माझ्याबरोबर शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गाला येतात आणि तिथे धडा सोडून बाकी सगळ्याकडे त्यांचं लक्ष असतं. तर होय, आहे. त्या वर्गाला रसायन शिकवणाऱ्या बाई आहेत. हे तुला कळलं म्हणूनच तू येते आहेस, आणि म्हणूनच मी तुला अडवतो आहे.

मागची दोन स्थळं आठव. नर्सबाई आणि त्यांच्या मातोश्री चहाला आल्या होत्या, आम्ही दोघं एकमेकांच्या हातात कपबशी देण्यापर्यंत आलो होतो, तेवढ्यात तू मातोश्रींना विचारलंस की घोरणारा जावई चालेल का. (मी घोरत नाही. तुझंच तुला ऐकू येतं.) त्याआधी शिंपीकाकांची मुलगी. तिला तू पहिल्याच भेटीत माझं तान्हेपणीचं टोपडं काढून दाखवलंस आणि डोकं तेव्हाही एवढंच होतं असं सांगितलंस. दोन्ही वेळा तू ती निळी कापडी पिशवी घेऊन 'दोनच दिवसांसाठी आलेय' म्हणत आली होतीस, आणि दोन्ही वेळा दोन दिवस पुरले.

यात तुझा दोष नाही, हे मला अलीकडे समजलं. ही शास्त्रीय गोष्ट आहे. वर्गात सध्या अभिक्रियेचा दर चालू आहे. (दर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दुकानातली पाटी येते, साडीचा इतका, पँटचा इतका. पण इथे दर म्हणजे वेग.) पदार्थ तापवला, दाट केला किंवा बारीक कुटला की अभिक्रिया जोरात होते. आणि चौथा असतो तो उत्प्रेरक. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली व्याख्या जशीच्या तशी उतरवतो: ज्या पदार्थाच्या केवळ उपस्थितीने अभिक्रियेचा दर बदलतो, परंतु अखेरीस त्या पदार्थात मात्र काहीही बदल होत नाही, त्याला उत्प्रेरक म्हणतात. मग त्यांनी एका नळीत हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं. ते आपण डाग घालवायला वापरतो, अगदी गरीब, बाटलीत निमूट पडून असतं. त्यात बाईंनी चिमूटभर काळी भुकटी टाकली, आणि ते असं उसळलं की अर्धं बेकरीवाल्या काकांच्या वहीवर आलं. भुकटी तळाशी होती तशी बसून राहिली, जणू तिचा काही संबंधच नाही. सगळा वर्ग हसला. मला तुझी फार आठवण आली.

आता मुळापासून सांगतो, म्हणजे काकांच्या पत्रातलं तिखटमीठ तुला वेगळं काढता येईल. बाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या प्रयोगशाळेतला पांढरा एप्रन घेऊन. खिशावर हळदीचा डाग. मी नेहमीचं सांगितलं की साबण लागला की हा लाल होईल, घाबरू नका, उन्हात टाकला की जाईल. यावर गिऱ्हाईक 'बरं' म्हणतं आणि पावती घेऊन जातं. बाईंनी विचारलं, लाल का होतो? आत्या, इतकी वर्षं मी डाग काढतो आहे, पण डागाच्या बाबतीत मला कुणी 'का' म्हणून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, त्याला साबणाचा राग येत असेल. त्या हसल्या नाहीत. उत्तराच्या बरेच जवळ आहात, संध्याकाळच्या वर्गाला या, म्हणाल्या. तेव्हापासून मी वर्गाला जातो आणि त्यांचा एप्रन दर आठवड्याला माझ्याकडे येतो. दर वेळी डाग हळदीचाच, त्याच खिशावर, आणि चांगला रुपयाएवढा गोल. न राहवून मी एकदा सांगितलंही की जेवताना एप्रन काढून ठेवत चला. त्यावर त्या माझ्याकडे बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. एवढ्या शिकलेल्या बाई, पण घास नीट तोंडात जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

वर्गात मी हुशार नाही, पण चिकट आहे. आम्लाचा जो शत्रू तो आम्लारी, शब्दातच अरी बसलेला आहे. दोघं समोरासमोर आले की एकमेकांची रग जिरवतात, मागे क्षार आणि पाणी उरतं, आणि याला उदासिनीकरण म्हणतात. काकांनी हात वर करून विचारलं, म्हणजे लग्नासारखं का. (काकू त्यांना न्यायला नेमक्या दारात उभ्या होत्या. पुढचे दोन वर्ग काका आले नाहीत.) त्याचा प्रयोग असा, की चंबूत आम्ल घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, आणि वरच्या नळीतून आम्लारी थेंब थेंब सोडायचा. पुष्कळ वेळ काहीच होत नाही. थेंब पडतो, गुलाबी चमकतो, विरून जातो. आणि मग एक थेंब असा येतो की सगळं पाणी फिकं गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तिथे थांबायचं. मी छान चाललो होतो, पण बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या हातून तोटी पुरती उघडली गेली. चंबूत राणी रंग. तो घालवायला मी आम्ल ओतलं, रंग गेला. मग पुन्हा आम्लारी, पुन्हा राणी. असं करता करता चंबू गळ्यापर्यंत आला, तेव्हा बाईंनी तो हळूच माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाल्या, इथे धीर लागतो.

तेव्हापासून मी धीराने घेतो आहे. एका आठवड्यात विचारतो, एप्रनला कांजी कडक हवी की मऊ. पुढच्या आठवड्यात सांगतो की दुसरं बटण सैल झालं होतं, ते मी लावलं. हा माझा वेग आहे, आत्या. तुझ्याकडे थेंब नाही, बादली आहे.

आणि त्यात मी स्वतःच एक बादली ओतून बसलो आहे, तीही काकांनी कळवलीच असेल. बाई वडिलांजवळ राहतात. वडील पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. स्वभावाने चांगले असतील, पण निळा लिटमस नुसता त्यांच्या तोंडासमोर धरला तरी लाल व्हावा, असा चेहरा. ते त्यांचा काळा लोकरी कोट घेऊन आले, बाहीवर गंजाचा डाग. गंज आम्लाने जातो, तसा तो गेला. इथवर मी लाँड्रीवाला होतो. पण त्याच आठवड्यात उदासिनीकरण शिकून मी विद्यार्थीही झालो होतो. वाटलं, आम्ल थोडं बाहीत राहिलं असेल, ते उदासीन करावं. म्हणून अख्खा कोट धुण्याच्या सोड्यात बुडवला. (पाणी गरम घेतलं, दर वाढावा म्हणून.) लोकरीला सोडा आणि गरम पाणी दाखवायचं नाही, हे तू मला इस्त्रीच्या टेबलाखालून माझं डोकं जेमतेम बाहेर येत होतं तेव्हा शिकवलंस. पण नवीन ज्ञान डोक्यात शिरताना जुन्याला दार दाखवतं. कोट बाहेर काढला तो दुसरीतल्या मुलाचा होता.

वडिलांनी तो तिथेच अंगात घातला. बाह्या कोपरापाशी संपल्या, हात बाजूला ताठ उभे राहिले. ते तसेच भर बाजारातून घरी गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते तोच कोट घालून बेकरीच्या बाकावर, माझ्या दुकानाकडे तोंड करून बसतात. कुणी विचारलं की हे काय झालं, तर उत्तर देत नाहीत, नुसतं बोट दाखवतात. (कोटात हात खाली येतच नाही, त्यामुळे बोट आपोआपच माझ्यावर रोखलेलं राहतं.)

आत्या, मला या बाईंशी लग्न करायचं आहे. इतकं सरळ वाक्य मी अजून त्यांनाही म्हटलेलं नाही. त्या वर्गात नसल्या की मला आम्ल आणि आम्लारी सारखेच वाटतात. हे बिघडलं तर पुन्हा कुणी मला 'का' विचारायला येणार नाही, याची मला भीती वाटते. तेव्हा माझ्यावर एवढी कृपा कर. गुडघ्याला जप, रेडिओशी भांडत जाऊ नकोस, आणि रविवारी आपल्या घरीच राहा.

तुझा,
डोकं तेव्हाही एवढंच असलेला भाचा

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात बाई एप्रन घेऊन आल्या. डाग तोच, खिसा तोच. आज काय झालं कोण जाणे, मी विचारलं, प्रयोगशाळेत हळद येते कुठून? बाई म्हणाल्या, डबीतून. तिच्यावर आम्लारी ओळखता येतो, म्हणून ठेवलेली असते. मी म्हटलं, मग दर आठवड्याला सांडते कशी. बाई म्हणाल्या, सांडत नाही, चमच्याने लावावी लागते. मी पावती लिहीत होतो, ती अर्धीच राहिली. वर्षभर, आत्या. मी डाग काढण्यात हयात घालवलेला माणूस. त्या म्हणाल्या, लोखंडसुद्धा याहून लवकर गंजतं. माझे कान फिके गुलाबी झाले आणि तसेच राहिले.

पण वडिलांशी बोलायचं कुणी? ते बाईंचं ऐकत नाहीत आणि मला बोट दाखवतात. घरातलं कुणी मोठं आलं तरच बोलेन, असं त्यांनी बजावलं आहे. तुमच्याकडे मोठं कुणी आहे का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं, टोपडं आणि घोरण्यासकट. त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या आणि म्हणाल्या, मग हे काम असंच का अडलंय, तुम्हीच व्याख्या पाठ केली आहे ना? तेव्हा वरचं सगळं पत्र रद्द समज आणि रविवारी नक्की ये. वडिलांसमोर बसायचं. केवळ उपस्थिती. (केवळच्या खाली मी दोन रेघा मारल्या आहेत.)

ता. क. २. बेकरीवाले काका आत्ताच सांगून गेले, की वडिलांनी बाकावरून तुझी चौकशी केली. म्हणाले, पूर्वी हे दुकान चालवायच्या त्याच का या? त्यांच्या हातून माझा कोट वर्षानुवर्षं धुऊन गेला, पण कधी बोटभरही आटला नाही. त्या येणार असतील तर मी बसेन. म्हणजे तू बोललीस तरी चालेल. वरच्या दोन रेघा खोडून टाक.

ता. क. ३. एक राहिलं, म्हणून पाकीट पुन्हा फोडलं. त्या दिवशी प्रयोग झाल्यावर बाईंनी ती काळी भुकटी गाळून, वाळवून परत डबीत ठेवली होती. काम संपलं की उत्प्रेरक जसाच्या तसा वेगळा काढता येतो, असं पुस्तकात आहे. मी बाईंना वरच्या खोलीची गोष्ट सांगितली, ती कुणाची होती आणि तू ती का सोडलीस. त्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, पुस्तकात काढता येतो असं लिहिलंय, काढावाच असं नाही लिहिलेलं. आज दुपारी आम्ही दोघांनी सगळे कपडे खाली आणले. तिसरी पायरी मी ठोकून घेतली आहे. तेव्हा या वेळी निळी पिशवी नको. ट्रंक घेऊन ये, आणि रेडिओ.