गच्चीवरचा अरबी समुद्र

२ मे
शाळांना सुट्ट्या लागल्या. आपलं कार्य सुरू. गच्चीवर मोफत भूगोल वर्ग, सहावी ते आठवी, सकाळी सात. फाटकाला बोर्ड लावला. मी रिटायर झाल्यापासून गल्लीतली मुलं भूगोलात मागे पडली असणारच. चटया पुरतील असं वाटत नाही.
सुनीतीला फोन केला. आमच्या लेकीच्या, गौरीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, ती दिवाळीपासून तिकडेच. म्हटलं, आता घर मुलांनी भरेल, तू ये. बघू, म्हणाली. सुनीतीचं बघू म्हणजे हो. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

३ मे
कुणी नाही. पहिलाच दिवस. लोकांना चांगली गोष्ट पचायला वेळ लागतो.

५ मे
कुणी नाही. कारण सापडलं. समुद्रापासून लांब, म्हणून यवतमाळचं हवामान विषम. आणि विषम हवामानात मुलं सकाळी उठत नाहीत. हे शास्त्रीय आहे.
आवाज गंजू नये म्हणून अक्षांश-रेखांशाचा पूर्ण तास रिकाम्या चटयांसमोर घेतला. आमच्या आठवी ब पेक्षा चटया बऱ्या. आता रोज घ्यायचा.

८ मे
नवा प्लॅन. हल्लीच्या मुलांना नुसतं बोलणं नको, मॉडेल हवं. गच्चीवर मातीचा अख्खा महाराष्ट्र करायचा, उंचसखल. शेजारच्या जमीरने बाभुळगावकडून टेम्पोत काळी माती आणून दिली. कायले पायजे सर एवढी माती, कुंड्या लावून राह्यले काय, असं विचारत होता. मेकॅनिक माणूस. त्याला काय सांगणार.

११ मे
सह्याद्री उभा राहिला, कंबर बसली. पठार पूर्वेकडे उतरतं केलं. वर्धा आणि पैनगंगा बोटाने ओढल्या. वणीच्या खाणींच्या जागी शेगडीतला कोळसा. अरबी समुद्राला सुनीतीची मोठी परात, पाण्यात नीळ कालवून. आल्यावर ओरडेल. ओरडू दे. या घरात बऱ्याच दिवसांत कुणी ओरडलेलं नाही.

१४ मे
विद्यार्थिनी आली. जमीरची फरहाना, सातवीतली. एकटीच. पहिल्या चटईवर बसली. पर्वत, पठार, मैदान सगळं घेतलं, शिवाय वारे. मधे जांभया दिल्या, पण त्या उन्हाच्या. एक मूल आलं की मागून रांग लागते, अनुभव आहे.
सुनीतीला सांगितलं, वर्ग फुल चाललाय. बघू, म्हणाली. म्हणजे तिकिटाचं बघतेय.

१७ मे
महाराष्ट्राला भेगा पडल्या. काळी माती वाळली की आकसते आणि तडकते, हे नोकरीभर शिकवलं. परीक्षेत हमखास विचारायचो. आणि मॉडेल त्याच मातीचं केलं. सगळ्यात मोठी भेग यवतमाळपासून निघून पुण्यापर्यंत. समुद्रही उन्हाने आटला. परातीच्या तळाला निळा डाग.
फरहानाला म्हटलं, याला भ्रंश म्हणतात. तिने मान हलवली. माझ्या तोंडून प्रथमच धडधडीत खोटा भूगोल गेला. रात्रभर टोचत राहणार.

१९ मे
फरहानाला खरं सांगितलं. भ्रंश नाही, माझी माती चुकली. तिला काही वाटलेलं दिसलं नाही. सहज विचारलं, भूगोलात तुला काय आवडतं. खाली बघून म्हणाली, मले भूगोल नाही आवडत, सर. मग येतेस कशाला, विचारलं. तर म्हणे, दादीनं धाडलं. सर रोज गच्चीवर एकटेच बोलून राह्यले, कोणी तरी जाऊन बसा त्याइच्यापाशी, असं म्हणे.
हजराबी, जमीरची आई. आमच्या दोन गच्च्यांमधली भिंत विटेची, एकेरी. म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं ऐकू जात होतं.
पोरीला म्हटलं, उद्यापासून आली नाहीस तरी चालेल. ती म्हणाली, मग दादीले काय सांगू?


२० मे
बोर्ड काढला. चटया गुंडाळल्या.
सुनीतीला फोन केला. वर्ग कसा चाललाय, विचारलं तिने. छान, म्हणालो. कधी येतेस, विचारलं. मागे बाळ रडत होतं, तिचं लक्ष तिकडे. बघू, म्हणाली. त्याचा अर्थ फक्त बघू एवढाच आहे. बहुतेक दिवाळीपासून तेवढाच होता.
संध्याकाळी परात घासायला घेतली. राख लावली, लिंबू लावलं, नीळ निघत नाही. फोनवर हेच सांगायला हवं होतं. तुझी परात खराब केलीय, ओरडायला तरी ये.