‘नको’चं बटण

प्रिय होयबा,

लहानपणी कुणी काहीही मागितलं की तू मान डोलवायचास, म्हणून आत्याने तुला हे नाव ठेवलं, आणि तू अजून ते सार्थ करतो आहेस. ईमेलला उत्तर नाही, फोन उचलायचा नाही, म्हणून शेवटी कागदावर लिहितेय. कागद म्यूट करता येत नाही, बघ.

आपल्या ॲपच्या समितीने पाठवलेला ‘उद्देश आणि ध्येये’चा मसुदा वाचला. चार पानं, आणि ‘नको’ हा शब्द कुठेच नाही! ‘सर्वसमावेशक संवादाचा सक्षम मंच’ म्हणजे काय रे भाऊ? स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण दोघांनी लिहिलेला उद्देश एका ओळीचा होता: बोलता न येणाऱ्या माणसाला ‘नको’ म्हणता यावं. बाबांची वाचा गेली तेव्हा जो तो त्यांना काहीबाही भरवायचा, पांघरुणं घालायचा, टीव्ही मोठा करायचा. त्यांनी मान उभी हलवली काय नि आडवी हलवली काय, सगळे अर्थ ‘हो’च घ्यायचे. आयुष्यभर फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकून भल्याभल्यांना बाहेर काढणारा पंच, आणि आता नुसते डोळे वटारत बसायचा. मग तू फोनवर ॲप केलंस, दाबलं की ‘नको’ बोलणारं ते मोठं लाल बटण. बाबांनी ते पहिल्यांदा दाबलं मी भरवत असलेल्या सूपवर! आपण किती हसलो होतो, आणि मग तूच आधी रडलास.

आपण कोड सगळ्यांसाठी खुला केला, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. कुठकुठची माणसं आली, आपापल्या भाषांत ‘नको’ घालून गेली. पण मग तुझी खोड नडली. कुणाला त्यात हवामान हवं, हो. कुणाला मांजरांची चित्रं हवीत, हो. नुसती धर्मशाळा केलीस! त्यात एका समुपदेशक बाईंनी सुचवलं की नकारात्मक शब्द पहिला नसावा, तिथे ‘धन्यवाद’ ठेवा. तेही हो? गेल्या आठवड्यात ती नवी आवृत्ती फोनवर आपोआप आली. नर्स बाबांच्या पायांवर शेकायला पाणी ओतत होती, ते होतं कढत. बाबांनी नेहमीच्या जागी बोट दाबलं आणि फोन म्हणाला, धन्यवाद. ते दाबत राहिले, ती हसून ओतत राहिली. दोन्ही पायांना फोड आलेत. तिला तरी काय बोलायचं, तिला वाटलं, आजोबांना बरं वाटतंय.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पुरे झालं, आपला कोड उचलायचा आणि वेगळी चूल मांडायची. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तुझ्याशी बोलणंही बंद करणार होते, खोटं कशाला सांगू. जुनी आवृत्ती परत बसवली, बाबांना सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, त्याच्यापासून वेगळी होऊ ना? पायांना पट्ट्या बांधून बसलेल्या त्या माणसाने लाल बटण दाबलं. नको. मी चिडून पुन्हा विचारलं. पुन्हा नको. पंचांपुढे कुणाचं चाललंय?

म्हणून हे पत्र. मसुद्यावर मतं बरोबरीत अडकली आहेत, तुझं एकट्याचं राहिलंय, आणि शुक्रवार शेवटचा दिवस. बाबांनी तुझ्यासाठी दोनदा ‘नको’ म्हटलं. तुझी तर वाचा शाबूत आहे. त्यांच्यासाठी एकदा म्हण.

बाबांच्या कृपेने अजून तुझीच,
ताई