पडद्यातली खिडकी

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. तरी 'तुम्ही' असं लिहिताना हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जातो. मागच्या आठवड्यात नातीनं तिच्या शाळेतलं नाटक बघायला नेलं. मागे पुठ्ठ्याचा राजवाडा उभा केला होता आणि त्याला ओळीनं खिडक्या. सगळे पोरांकडे बघत होते. मी एकेक खिडकी बघत होते, आत कुणी आहे का म्हणून. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

मस्तगड मोहल्ल्यातला आपला कारखाना मला अजून आधी वासानं आठवतो. कापसाच्या जुन्या गोदामात तुम्ही नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. शेगडीवर रंगात घालायचा सरस उकळतोय, जमिनीवर मांजरपाट अंथरलाय, आणि तुम्ही त्या कापडावरून अनवाणी फिरत लांब दांड्याच्या कुंचल्यानं झाडांना पानं आणताय. पडदेच काय, कंपनीची पाटी, तिकिटाच्या खिडकीवरचा बोर्ड, खेळाच्या जाहिराती, सगळं आपल्याकडेच व्हायचं. मराठी अक्षरं तुमची आणि उर्दू तुमच्या जोडीला बसणाऱ्या चाचांची. चाचा एक गुडघा वर घेऊन बोरूनं लिहीत बसायचे आणि तुम्ही त्यांच्या कागदाकडे बघून म्हणायचा, "तुमची अक्षरं चालून राह्यलीत, चाचा. माझी आपली रांगेत उभी."

मी लहान असतानाच आई तापानं गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. कधी विषय निघाला की ती हसायची, "मला कशाला टांगता भिंतीला?" तिचे दिवस झाले आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही कामाला लागलात. एका मोठ्या कंपनीचा राजवाड्याचा पडदा होता. एका सकाळी मी तुमची भाकर घेऊन आले, तर राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीत, आई उभी. हात चौकटीवर, मान जराशी वळलेली, मागून हाक आल्यासारखी. चाचांनी बोरू खाली ठेवला. "भाभी हैं," ते हळूच म्हणाले, "बिलकुल भाभी." तुम्ही वर बघितलं नाही. मला एवढंच म्हणालात, "सरस बघ. उतू जाऊन राह्यला."

पहिल्या खेळाला मी बायकांच्या बाजूला बसले होते. राजवाड्याचा पडदा खाली आला, आणि आपल्या गल्लीतली काकू एकदम "अगं बाई!" म्हणाली आणि तिनं हात जोडले. मग कुजबुज सुरू झाली. राणी काय बोलतेय ते कुणी ऐकेना. वाऱ्यानं कापड हललं की आई श्वास घेतेय असं वाटे. मी काकूचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक कारखान्यात आले. "पेंटरसाहेब, काम लाजवाब. पण आमचा राणीचं काम करणारा नट त्या पडद्यापुढं उभा राहायला तयार नाही. म्हणतो, पाठीमागून कुणीतरी बघतंय. तेवढी ती बाई पुसून टाका." मला वाटलं, तुम्ही भांडाल. चंद्र मोठा करा म्हणणाऱ्या एका मालकाला तुम्ही दारातून परत पाठवलं होतं. पण तुम्ही म्हणालात, "बराबर आहे."

दुपारी नाटकाच्या मांडवात कुणी नव्हतं. तुम्ही शिडी लावली, पण आधी मला वर चढवलंत आणि खालून माझे पाय धरून ठेवलेत. "नीट बघून घे, पोरी. तुझं झालं की सांग. मंग मी खिडकी लावतो." मी बघते, तर जवळून आई नाहीच. नुसते गेरूचे आणि काजळाचे फराटे. खालून जी आई होती, ती हात लागेल एवढ्या जवळ आल्यावर कुठेच नव्हती. मी ते फराटे जुळवत राहते. मालक मांडवाच्या दाराशी येरझाऱ्या घालतात.

"झालं का?"

"न्हाई."

तुम्ही घाई केली नाहीत. मालक खाकरले तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की ते बाहेर गेले. शेवटी मी म्हणाले, "लावा, अण्णा."

मग तुम्ही चढलात. आधी खिडकीची एक फळी रंगवलीत, मग दुसरी. खाली उतरल्यावर मी विचारलं, "कडी न्हाई रंगवली?" तुम्ही म्हणालात, "कडी आतून असते. तिला वाटंल तवा उघडंल." तो पडदा कंपनीबरोबर परभणीला गेला, तिथून नांदेडकडे. पुन्हा कधी दिसला नाही.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. गावागावांत भीती पसरलेली. तुम्ही मला टेंभुर्णीला मावशीकडे पाठवलंत. "चार दिसांनी येतो," म्हणालात. पिकं निघाली तरी आला नाहीत. आले ते चाचा, एकटे, चालत, मुसलमान माणसाला वाट धरायची भीती होती त्या दिवसांत. अंगणात उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "बेटा, पेंटरसाहेब गेले. ताप होता." मला रडू आलं नाही. मी वेड्यासारखं विचारलं, "काम काय चाललं होतं?"

"काम कुठलं, बेटा? ऐसे दिनों में कोण कंपनी येते? पडदा अंथरून आभाळ रंगवत होते. या कोन्यापासून त्या कोन्यापर्यंत निळंच निळं. मी म्हटलं, एक झाड तरी काढा. न्हाई म्हणले." चाचा खाली बघून म्हणाले, "बाजार बंद होता. कफनाला कोरं कापड कुठंच मिळालं न्हाई. मंग त्याच पडद्यातलं फाडलं. शेजाऱ्यांनी त्यातच नेलं त्यांना. माफ करना, बेटा."

मी त्यांना माफ काय करणार, अण्णा? मी त्यांच्या पाया पडले.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही आणि घरात कुणाला दाखवणारही नाही. एवढं मात्र तुम्हाला सांगते. लग्नापासून आजवर मी निळं लुगडं अंगाला लावलेलं नाही. आधी सासूबाई विचारायच्या, आता सुना विचारतात. मी म्हणते, मला तो रंग शोभत नाही.