झाकणाखालची ओल

३ तारीख, सोमवार
गोदामप्रमुखाच्या जागेसाठी माझंच नाव पुढे आहे. मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरने स्वतः सांगितलं, म्हणजे पक्कं. महिनाअखेरच्या तपासणीत स्फोटक पावडरचे ड्रम ठीक निघाले की ऑर्डर. ही पावडर मुद्दाम ओली ठेवतात. वाळली तर नुसत्या धक्क्यानेही उडते. केमिस्ट मॅडम म्हणाल्या, ड्रम सीलबंद आहेत, तुम्ही फक्त हात लावू नका. वा! जबाबदार माणूस असा हात बांधून बसतो का?

४, मंगळवार
बसलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मग कोपऱ्यातल्या ड्रमचं सील जरासं सोडवलं. ओल उत्तम. निश्चिंत.

४, संध्याकाळ
आता असेल का ओल?

७, शुक्रवार
दिवसातून एकदाच बघायचं, हा नियम. चहाआधी आणि चहानंतर मिळून एकदा धरायचं. ड्रम तोच. बाकीच्यांचा प्रतिनिधी.

९, रविवार
सुट्टी. चैन नाही. गॅसवरच्या पातेल्याचं झाकण पुन्हा उचललं, तर ही म्हणाली, भाजीला जरा एकटं सोडा, पळून नाही जात. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू कामावरही असंच करतात का गं? या घरात गांभीर्य कुणालाच नाही.

१७, सोमवार
ओल कमी वाटते. म्हणजे पॅकिंगच हलकं! बरं झालं, मी बघत होतो. मॅडमना सांगावं, तर सील कुणी उघडलं विचारतील. तूर्त लक्ष वाढवतो.

२१, शुक्रवार
झाकणाच्या कडेला कोरडी भुकटी. कशालाही हात न लावता उलट्या पावली बाहेर आलो. मॅडमना गाठलं. कितीदा उघडलं, त्यांनी विचारलं. म्हटलं, काळजीपोटी. त्यांनी अख्खं गोदाम रिकामं केलं. हमाल म्हणाला, साहेब, तुम्हाला काळजी वाटायला लागली की आम्हाला आधी सांगत जा.

२४, सोमवार
बाकीचे ड्रम ठणठणीत. माझं लक्ष तिकडे गेलं नाही म्हणून, असं मॅडमचं मत. गोदामप्रमुखाची जागा आता त्यांच्या असिस्टंटला. माझा ड्रम उद्या सकाळी बॉम्बनाशक पथक वाळूच्या पोत्यांआड उडवणार. मी फाटकाबाहेर थांबायचं. परवापासून स्टेशनरी विभाग. तिथे डिंकाच्या बाटल्या वाळतात म्हणे. गेल्या गेल्या एकेक उघडून बघणार.