माझी दोन बोटं आणि दसरूची पेटी

१८ ऑक्टोबर १९५५, सिंदेवाही
उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट सरळ होत नाही. तळहातात गाठ. दुखत नाही, म्हणजे रोग नाही. दोष पेटीचा, पट्ट्या फार कडक. संक्रांतीच्या शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, रात्री मंडळाचं नाटक. पेटीवर मीच. तोवर बोटं सरळ करणार. निश्चय!

२५ ऑक्टोबर
बायकोकडून मोहाच्या तेलाची मालिश. बोटं वाकलेलीच, वर वास. गिरजेच्या हातात जोर नाही.

३ नोव्हेंबर
रात्रभर बोटं बांबूच्या कांबीला बांधली. सकाळी कांबीच वाकलेली. हल्ली बांबूही चांगला मिळत नाही.

११ नोव्हेंबर
मला महारोग झाल्याची गावात आवई. हे काम दसरूचंच. माझ्याकडे पेटी शिकला आणि आता माझ्या जागेवर डोळा. हॉटेलात वेगळा कप. सगळ्यांसमोर बोटात टाचणी खुपसली, ओरडलो. बधिर नाही, पुरावा दिला. दुसरा चहा पुन्हा वेगळ्या कपात. नालायक गाव.

२ डिसेंबर, चांदा
डॉक्टर म्हणाला, पंजा टेबलावर उपडा ठेवा. टेकेना. सरकारी टेबल, उंचसखल असणार. म्हणाला, महारोग नाही. कातडीखालचं जाळं जाड होऊन आखडतं, बोटं ओढली जातात. तेलाने सुटत नाही. नागपूरला ऑपरेशन, तरी पुन्हा होऊ शकतं. घराण्यात चालतं, वडिलांना होतं का? बजावलं, आमच्या वडिलांना रोग नव्हता, करारीपणा होता. मरेपर्यंत मूठ उघडली नाही. डॉक्टर हसला. गाढव.

२० डिसेंबर
तीन बोटांनी तालीम. करंगळी मधेच भलता सूर दाबते. मंडळाचे प्रमुख लटारूभाऊ म्हणाले, मास्तर, काऊन दुसरंच वाजवून राह्यले? नवी चाल आहे, सांगितलं. अडाण्यांना काय कळणार.

८ जानेवारी १९५६
मंडळाने पेटी दसरूला दिली. वीस वर्षं वाजवली मी! लटारूभाऊ म्हणतात, तुमी पडदा सांभाळा, मास्तर. दोर धराले तुमची बोटं तयारच हायेत. हलकट माणूस. घरी येऊन रडलो. गिरजा म्हणाली, नका जाऊ ना मंग. तिला काय कळतं? पडद्याशिवाय नाटक होतं का? खरी मुख्य जागा पडद्याचीच.

१६ जानेवारी, सकाळ
काल रात्री नाटकात दसरूच्या पेटीवर पद ऐन रंगात आलं आणि मी पडदा सोडला. दोर निसटला, असं सगळ्यांना सांगितलं. पण पब्लिकला वाटलं पद संपलं. टाळ्या. वन्स मोअर, दसरू! वन्स मोअर! लटारूभाऊ माझ्यावर डोळे वटारून उभे.
पडदा मलाच वर ओढावा लागला. तीन वेळा.