पोटवाल्यांची रांग

चंदनसार, २४ ऑक्टोबर २०२५

ती. रामनाथदादास,
शि. सा. न.

तुझा नि वहिनीचा फोन कायम बंद, म्हणून हरेशच्या भाजीच्या टेम्पोतून पत्र आणि भाची, दोन्ही पाठवतेय.

सुट्टीनंतर ज्ञानदाच्या बालवाडीत तंदुरुस्ती दिन आहे. पोट सुटलेल्या मुलांची म्हणे वेगळी रांग! पाच वर्षांची पोर मला विचारते, त्या दिवशी पोट कपाटात ठेवून जाऊ का. दादा, मला रडूच आलं. आमचंही चुकतं रे, मोबाइल दाखवल्याशिवाय तिला घास उतरत नाही. तुझ्या वाडीत पळू दे तिला. मनगटावर सिमकार्डवाला पट्टा बांधलाय, ती किती धावते ते मला इथे फोनवर दिसेल. सोबत वेळापत्रक आहे.

लोभ आहेच, तो केळी वाळवून केलेल्या गोड सुकेळ्यांतून दाखवू नकोस.

तुझी सुमेधा

आगाशी, २६ ऑक्टोबर

चि. सुमेधास,
अ. उ. आ.

पोर पोचली. वेळापत्रक निम्मं शेळीने खाल्लं, उरलेलं पाळतोय. सुकेळी मी देत नाही. ती स्वतः घेते.

दादाचे आशीर्वाद

चंदनसार, २९ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न.

अरे, चमत्कार! पहाटे चारला उठते काय, दिवसभर धावते काय! बालवाडीच्या बाईंना फोनवरचे आकडे पाठवले, त्यांनी तिला शर्यतीतसुद्धा घेतलंय. फक्त झोपेतही तिचं काळीज इतकं धडधडतं की फोन म्हणतो, ताबडतोब डॉक्टर गाठा. माझा जीव टांगणीला लागलाय. रविवारी आम्ही दोघं येतोय. माझी आठवण काढते का रे?

धास्तावलेली सुमेधा

आगाशी, ३१ ऑक्टोबर

चि. सुमेधास,
अ. उ. आ.

धडधडतंय ते सरदाराचं काळीज. सरदार म्हणजे आमचा कोंबडा. पट्टा खाजतो म्हणून पोरीने पहिल्याच दिवशी त्याच्या पायात बांधला. मला वाटलं, तुम्हा फ्लॅटवाल्यांची काही पद्धत असेल.

पुढचं ऐक. जावई येणार म्हटल्यावर तुझ्या वहिनीने रिवाजाप्रमाणे सरदाराचा नंबर लावला. पोरीला कळलं मात्र, त्याला काखोटीला मारून ती जी सुटली! मागे मी, माझ्यामागे वहिनी, तिच्यामागे शेजारचा स्टॅनी, पार केळींतून तळ्यापर्यंत. कुणाच्या बापाला सापडली नाही. आम्ही बांधावर धापा टाकतोय आणि ही पलीकडून खिदळतेय. पोट होतं तेवढंच आहे, बये. तिला त्याची काही अडचण नाही.

तुझी आठवण काढते. रोज तुझ्या नावाने एक सुकेळं बाजूला ठेवते आणि आईचं पोट भरलं म्हणून स्वतःच खाते.

जावईबापूंना सांग, रविवारी वालाचं बिरडं मिळेल. आणि बाईंना सांग, वेगळी रांग खुशाल लावा. तिथे सगळ्यांत पुढे मी येऊन उभा राहणार. माझ्या पोटाआड माझी भाची दिसायचीसुद्धा नाही.

तुम्हा दोघांची वाट पाहणारा,
दादा